एका शिलारसाचे दोन खडक : काळा पाषाण आणि मांजऱ्या

पुणे शहराच्या पश्चिमेस असलेल्या कोथरूडचा विस्तार वेताळ टेकडीच्या उतारापासून मुठा नदीच्या दिशेने झालेला आहे. एके काळी शेतीवाडीचे गाव असलेल्या या परिसरात आज दाट वस्ती आहे, आणि इमारतींच्या पायासाठी येथे सतत खोदकाम होत असते. अशा एखाद्या खड्ड्याची उभी कड लक्षपूर्वक पाहिल्यास तीत दोन प्रकारचे खडक आढळतात. एक काळाभोर, घट्ट आणि सुरुंगाशिवाय न हलणारा. दुसरा राखाडी, तांबूस किंवा जांभळट छटेचा, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला आणि पहारीने फुटणारा. पहिल्यास सर्वत्र काळा पाषाण किंवा काळा कातळ म्हणतात. दुसऱ्यास विहिरी खोदणारे कारागीर 'मांजऱ्या' या नावाने ओळखतात.

हे दोन्ही खडक अग्निजन्य आहेत, दोन्ही बेसाल्टच आहेत, आणि पुष्कळदा ते शिलारसाच्या एकाच थरातून तयार झालेले असतात. तरीही विहिरीला पाणी लागणे, तलावात पाणी टिकणे, पावसाचे पाणी जमिनीत मुरणे आणि इमारतीच्या पायाला आधार मिळणे या प्रत्येक बाबतीत त्यांचे वागणे निरनिराळे असते. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागावर बेसाल्टचे आच्छादन आहे. त्यामुळे कोथरूडच्या खड्ड्यात दिसणारा हा फरक राज्यातील बहुसंख्य गावांच्या पाण्याशी निगडित आहे.

खडकांचा जन्म

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम व मध्य भारतात भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त शिलारस बाहेर पडला. हा उद्रेक शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखी पर्वतासारखा एकाच मुखातून झालेला नव्हता. पातळ शिलारस भेगांतून वर येऊन दूरवर पसरत गेला, थंड झाला, आणि कालांतराने त्यावर दुसरा थर येऊन बसला. अशा असंख्य थरांनी मिळून दख्खनचे पठार बनले आहे. आज शिल्लक असलेले त्याचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. या थरांची झीज कमीअधिक प्रमाणात झाल्यामुळे सह्याद्रीच्या आणि त्याच्या फाट्यांच्या उतारांना पायऱ्यांचे रूप आले आहे. 'डेक्कन ट्रॅप' या नावातील 'ट्रॅप' हा शब्द पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

शिलारस भूपृष्ठावर येतो तेव्हा त्याचे तापमान सुमारे १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअस असते. त्यात पाण्याची वाफ, कर्बद्विप्राणिद वगैरे वायू विरघळलेले असतात. वरचा दाब कमी होताच हे वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटे होऊन वर चढू लागतात. थराचा पृष्ठभाग हवेच्या संपर्काने लवकर थिजत असल्याने वर आलेले बुडबुडे तेथेच अडकतात आणि खडकात पोकळ्या राहतात. थराच्या मधल्या भागातील शिलारस मात्र सावकाश निवतो. त्यातील बहुतेक वायू निघून गेलेला असतो, त्यामुळे तेथे घट्ट व एकजीव खडक तयार होतो. हाच काळा पाषाण होय.

वरच्या सच्छिद्र भागातील पोकळ्या पुढे तशाच रिकाम्या राहत नाहीत. खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्यात विरघळलेली द्रव्ये त्या पोकळ्यांत साचतात आणि तेथे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी यांसारखी खनिजे तयार होतात. भरलेल्या पोकळ्या पुष्कळदा बदामाच्या आकाराच्या दिसतात. म्हणूनच युरोपीय शास्त्रज्ञांनी या खडकाला ग्रीक भाषेतील बदामवाचक शब्दावरून नाव दिले. मराठी कारागिरांचा मांजऱ्या तो हाच. काही ठिकाणी शिलारसाचा एकच जाड थर न येता लहान लहान जिभांसारखे अनेक ओघळ एकमेकांवर पसरले. तेथे काळ्या पाषाणाचे प्रमाण कमी, तर मांजऱ्याची जाडी मोठी आढळते.

या पोकळ्यांतील खनिजांनी पुणे परिसराला जगभर ओळख मिळवून दिली आहे. पाषाण भागातील जुन्या खाणींतून निघालेले हिरवे अपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणींतील निळेशार कॅव्हेन्साइट यांचे नमुने अनेक देशांच्या संग्रहालयांत आहेत. कॅव्हेन्साइटमध्ये कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन ही मूलद्रव्ये असतात आणि या तिन्हींच्या नावांची आद्याक्षरे जोडूनच त्याचे नाव तयार झाले आहे.

ओळख कशी पटवावी

दोन्ही खडकांची ओळख पटविण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. काळ्या पाषाणाच्या ताज्या तुकड्यावर हातोडी मारल्यास खणखणीत आवाज येतो आणि तुकड्याच्या कडा धारदार निघतात. मांजऱ्याचा आवाज तुलनेने बद्द असतो. काळ्या पाषाणातील खनिजांचे कण इतके बारीक असतात की ते नुसत्या डोळ्यांना सहसा वेगळे दिसत नाहीत. मांजऱ्यातील पांढरे, हिरवट किंवा गुलाबी ठिपके मात्र सहज दिसतात. समान आकाराचे दोन तुकडे हाती घेतल्यास काळा पाषाण जड लागतो.

ठिपका कोणत्या खनिजाचा आहे हेही ढोबळमानाने ठरविता येते. गारगोटीवर चाकूच्या पात्याने ओरखडा उठत नाही. झिओलाइटवर व कॅल्साइटवर तो उठतो. त्यांपैकी कॅल्साइटवर सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यास फेस येतो. शाळेतील विज्ञान शिक्षकास ही परीक्षा विद्यार्थ्यांसमोर सुरक्षितपणे करून दाखविता येईल. त्यासाठी लागणारे दगड गावच्या ओढ्यातच मिळतात.

भेगांची ठेवण ही ओळखीची सर्वांत महत्त्वाची खूण होय. काळा पाषाण थंड होताना आकसतो आणि त्यात प्रामुख्याने उभ्या भेगा पडतात. वेताळ टेकडीवरील जुन्या दगडखाणीसारख्या ठिकाणी खाणीच्या उभ्या कडांमध्ये अशा भेगा पाहावयास मिळतात. मुंबईतील अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दिसणारे उंच खांब हे याच क्रियेचे ठळक उदाहरण आहे. मांजऱ्या मूळ स्थितीत असतो तेव्हा त्यात भेगा फारच थोड्या असतात. परंतु तो जमिनीच्या पृष्ठभागाजवळ आला आणि ऊनपावसाने त्याचे विदारण सुरू झाले, म्हणजे त्याचे जमिनीला समांतर असे पापुद्रे सुटू लागतात. या आडव्या भेगा खाली खाली जाताना विरळ होत जातात आणि शेवटी बंद होतात.

दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा विटकरी रंगाचा मऊ पट्टा आढळतो. त्यास सामान्यतः गेरूचा थर म्हणतात. एक थर येऊन गेल्यानंतर पुढचा थर येईपर्यंत गेलेल्या काळाची ती खूण मानली जाते. विहीर खोदताना असा पट्टा लागला, म्हणजे शिलारसाचा एक थर संपून दुसरा सुरू होत आहे असे समजावे.

पोकळी आणि भेग

सच्छिद्र खडक म्हटला म्हणजे त्यात पाणी असणारच आणि काळा कातळ म्हटला म्हणजे तो पाणी अडविणारच, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धवट खरा आहे, आणि त्यामुळेच अनेक कामांत फसगत होते.

मांजऱ्यातील पोकळ्या बहुधा खनिजांनी भरलेल्या असतात. ज्या रिकाम्या असतात त्याही एकमेकींना जोडलेल्या नसतात. बंद खोल्यांच्या घरातून वारा वाहू शकत नाही, तद्वत अशा खडकातून पाणीही वाहू शकत नाही. म्हणून विदारण न झालेला, भेगा नसलेला मांजऱ्या जवळजवळ जलाभेद्य असतो. उलटपक्षी, कठीण काळा पाषाण स्वतः पाणी शोषून घेत नसला तरी त्याच्या उभ्या भेगा उघड्या व परस्परांना जोडलेल्या असल्यास त्यांतून पाणी वेगाने खाली जाते. बेसाल्टच्या प्रदेशात पाण्याचा साठा आणि त्याची हालचाल ही प्रामुख्याने भेगांवर व विदारणावर अवलंबून असते. केवळ खडकाच्या कठीणपणावरून किंवा त्यातील छिद्रांवरून निष्कर्ष काढता येत नाही.

हा फरक किती मोठा असतो हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. भूजलाचा अंदाज बांधण्यासाठी नेमलेल्या केंद्रीय समितीने १९९७ मध्ये पावसाच्या मुरण्याचे जे प्रमाण सुचविले, त्यात सच्छिद्र व भेगाळ बेसाल्टसाठी १३ टक्के, तर भेगा नसलेल्या घट्ट खडकासाठी १ टक्का धरलेला आहे. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरल्यास एक हेक्टर जमिनीवर ७० लाख लिटर पाणी पडते. पहिल्या प्रकारच्या जमिनीत त्यांपैकी सुमारे ९ लाख १० हजार लिटर पाणी मुरेल, दुसऱ्या प्रकारच्या जमिनीत केवळ ७० हजार लिटर. पाणी साठवून परत देण्याच्या क्षमतेतही असाच फरक आहे. त्याच समितीच्या प्रमाणानुसार पाण्याने भरलेल्या एक हेक्टर क्षेत्रातील एक मीटर जाडीचा पहिल्या प्रकारचा खडक सुमारे २ लाख लिटर, तर दुसऱ्या प्रकारचा सुमारे ३० हजार लिटर पाणी देतो.

यातील दुसरी बाजूही लक्षात घेणे अगत्याचे आहे. चांगला मानलेला खडकसुद्धा आपल्या आकारमानाच्या सुमारे २ टक्केच पाणी देतो. नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळाच्या प्रदेशात हेच प्रमाण १६ टक्क्यांपर्यंत धरले जाते. बेसाल्टच्या प्रदेशातील भूजल हा मुळातच लहान साठा असून तो दर पावसाळ्यात भरावा लागतो आणि बेताने वापरावा लागतो.

विहीर आणि विंधण विहीर

जमिनीखाली कोणता खडक आहे यावर विहिरीचा प्रकार ठरला पाहिजे. विदारण झालेल्या मांजऱ्यातील भेगा आडव्या असतात. रुंद तोंडाच्या विहिरीत त्या चारही बाजूंनी उघड्या पडतात आणि त्यांतून पाणी झिरपत राहते. अशा ठिकाणी मुरूम व मऊ मांजऱ्या यांच्या थरापर्यंत घेतलेली साधी विहीर पुष्कळदा पुरेशी ठरते. त्याखालील घट्ट खडकात विहीर आणखी खोल नेल्यास पाणी साठविण्यास जागा मिळते, परंतु पाण्याची आवक वाढेलच असे नाही.

काळ्या पाषाणात स्थिती वेगळी असते. तेथील भेगा उभ्या असतात आणि विंधण विहिरीचे छिद्रही उभेच असते. जेमतेम १५ सेंटिमीटर व्यासाचे छिद्र दोन भेगांच्या मधून थेट खाली जाऊन कोरडे राहण्याचा संभव मोठा असतो. शेजारच्या शेतात भरपूर पाणी आणि आपल्या शेतात नुसती धूळ, हा अनुभव अनेक गावांना आहे, त्याचे एक कारण हे होय. राज्याच्या अनेक भागांत शेतकरी विहिरीच्या तळातून आडवी बोअर घेतात. उभ्या भेगांना आडवे छिद्र छेदून जाते, म्हणून काळ्या पाषाणात ही युक्ती काही ठिकाणी उपयोगी पडते. मात्र भेगाच नसलेल्या कातळात तीही निष्फळ ठरते.

पाणाड्याने नारळ किंवा काठी हातात धरून दाखविलेल्या जागेवर हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी परिसरातील दहा विहिरींच्या कडा पाहणे अधिक लाभदायक आहे. कोणत्या खोलीवर मुरूम संपला, कोठे मांजऱ्या लागला, गेरूचा पट्टा कोणत्या पातळीवर आहे आणि पाण्याचे झरे नेमके कोठून येतात, याची नोंद केल्यास जमिनीखालचे चित्र बऱ्याच अंशी स्पष्ट होते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयांकडून या कामी तांत्रिक मार्गदर्शन मिळू शकते.

पाणी लागले नाही म्हणून आणखी खोल जाण्याची प्रवृत्ती सर्वत्र वाढलेली दिसते. खोल थरांत काही ठिकाणी पाणी लागते हे खरे, परंतु ते तेथे पोहोचण्यास दीर्घ काळ लागलेला असतो आणि उपसल्यानंतर ते तितक्याच सावकाश भरते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटर किंवा त्याहून अधिक खोलीच्या विहिरीची 'खोल विहीर' म्हणून स्वतंत्र दखल घेण्यात आली आहे, ती याच दृष्टीने महत्त्वाची आहे.

तलाव, बंधारे आणि पाया

१९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात पाझर तलावांची व नाला बांधांची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. या कामांच्या यशापयशात खडकाचा वाटा मोठा असतो. पाझर तलावाचा हेतू पाणी जिरविणे हा आहे. त्याच्या बुडाशी विदारण झालेला मांजऱ्या किंवा भेगाळ काळा पाषाण असेल तर खालच्या बाजूच्या विहिरींना लाभ होतो. बुडाशी एकजीव कातळ असल्यास पाणी उन्हाने उडून जाते आणि विहिरी कोरड्याच राहतात. साठवण तलावाचा हेतू याच्या नेमका उलट आहे. तेथे भेगाळ काळा पाषाण घातक ठरतो, आणि भेगा नसलेला घट्ट मांजऱ्या, तो दिसण्यास दुय्यम वाटला तरी, पाणी उत्तम प्रकारे अडवितो. ज्या खडकामुळे एक काम यशस्वी होते त्याच खडकामुळे दुसरे फसते, म्हणून कामाचा हेतू निश्चित झाल्यावरच जागा निवडणे इष्ट होय.

बांधकामाच्या साहित्याच्या बाबतीत मात्र काळ्या पाषाणाचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. जाती, पाटे, वरवंटे आणि वाड्यांची जोती यांसाठी पाथरवटांनी पिढ्यान्‌पिढ्या तोच निवडला. आज रस्त्यांची व काँक्रीटची खडी, तसेच लोहमार्गाखालील गिट्टी यांसाठी त्यालाच मागणी असते. झिओलाइटने भरलेला मांजऱ्या हवेत उघडा राहिल्यास ठिसूळ होतो, त्यामुळे खडीसाठी तो टाळला जातो. पायाच्या खोदाईत मांजऱ्या लागल्यास तो ताजा आहे की विदारण झालेला, याची परीक्षा करून मगच पुढील काम करावे लागते.

कोथरूडचा उतार

आता पुन्हा कोथरूडकडे वळल्यास या सर्व गोष्टींचा एकत्रित अर्थ लक्षात येईल. टेकडीच्या माथ्यावर व उतारावर पडणारे पावसाचे पाणी भेगाळ खडकातून खाली उतरते. वाटेत एखादा घट्ट थर लागला की त्याच्या माथ्यावरून ते उताराच्या दिशेने सरकते आणि पायथ्याच्या विहिरींना येऊन मिळते. टेकडीवर पडलेल्या पावसाचा आणि सखल भागातील विहिरीचा संबंध असा जमिनीखालून जोडलेला असतो. टेकडीचा उतार उघडा, गवताचा व झाडांचा राहिला तर ही वाट चालू राहते. तो डांबर-काँक्रीटने झाकला गेला, तर तेच पाणी काही मिनिटांत ओढ्याला मिळून खाली पुराच्या रूपाने जाते आणि उन्हाळ्यात विहिरी व विंधण विहिरी आटतात.

इमारतींच्या तळघरांसाठी होणाऱ्या खोल खोदाईचाही येथे विचार केला पाहिजे. अशी खोदाई भूजल साठविणाऱ्या भेगाळ थरापर्यंत गेल्यास त्यातील पाणी खड्ड्यात येते आणि उपसून गटारात सोडले जाते. एका हेक्टरला एक मीटर जाडीमागे दोन लाख लिटर इतकाच जेथे साठा आहे, तेथे हा उपसा किरकोळ म्हणता येणार नाही.

छपरावरील पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याच्या योजना शहरांत व गावांत राबविल्या जात आहेत. त्या स्तुत्य आहेत, परंतु पुनर्भरणाचा खड्डा कोणत्या खडकात घेतला यावर त्यांचे फळ अवलंबून असते. भेगा नसलेल्या खडकातील खड्डा हा हौदासारखा भरून राहतो आणि पाणी खाली जात नाही. यासाठी खड्ड्यात प्रथम पाण्याचे एक-दोन टँकर सोडून पातळी किती वेळात उतरते ते पाहावे. पाणी उतरत नसल्यास जागा बदलावी किंवा ते पाणी टाकीत साठवून वापरात आणावे.

गावपातळीवर काय करता येईल

ग्रामपंचायतीने गावातील विहिरींची एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक विहिरीची खोली, लागलेले खडक, गेरूच्या पट्ट्याची पातळी आणि पावसाळ्यापूर्वीची व पावसाळ्यानंतरची पाण्याची पातळी तीत लिहावी. हे काम शाळेच्या मदतीने होऊ शकते. विद्यार्थ्यांना काठावरून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, दोरीने पाण्याची पातळी मोजता येते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्राचा समावेश होता, आणि गावाने आपल्या पाण्याचा ताळेबंद स्वतः मांडावा हाच तिचा एक प्रमुख आग्रह होता. खडकाची नोंद नसेल तर अशा ताळेबंदातील जमेची बाजू अंदाजावरच राहते.

नवीन विहीर, पाझर तलाव किंवा बंधारा मंजुरीसाठी येतो तेव्हा संबंधित अधिकाऱ्यांनी व सदस्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. जागेखाली काळा पाषाण आहे की मांजऱ्या? आणि तो भेगाळ आहे की एकजीव? या दोन प्रश्नांची उत्तरे जवळच्या विहिरीची कड, ओढ्याचा काठ किंवा रस्त्याची खोदाई पाहून बहुतेक वेळा मिळू शकतात. ती मिळविण्यास एक दिवस लागतो. न मिळविता केलेले काम कोरडे निघाले, तर गावाचा पैसा आणि एक उन्हाळा दोन्ही वाया जातात.